ऊन येईपर्यंत

ऑद्रुनच्या छातीत गाठ आहे हे हाल्वार्दला कळलं, तेव्हा गावात सूर्य नव्हता. नोव्हेंबर संपत आला होता. आमच्या स्कार्वनेसमध्ये सूर्य एकदा दक्षिणेच्या डोंगराआड गेला की थेट फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही. दुपारी जरा निळसर उजाडतं, तेवढ्यात माणसं दारातला बर्फ लोटून घेतात, की पुन्हा दिवे.

"उद्याच डॉक्टरकडे जाऊ," हाल्वार्द म्हणाला.

"उद्या नाही. सूर्य आल्यावर," ऑद्रुन म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

हाल्वार्दला वाटलं, बायको घाबरलीये. पण ती नुसती घाबरली नव्हती, तिच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. रेडिओवर कुणीसं सांगितलं होतं की ज्यांचा कॅन्सर उन्हाळ्यात सापडतो ती माणसं हिवाळ्यात सापडलेल्यांपेक्षा जास्त जगतात. उन्हानं अंगात डी व्हिटॅमिन तयार होतं, त्यामुळे असेल कदाचित. तो 'कदाचित' ऑद्रुननं ऐकलाच नाही. बाकीचं मात्र डोक्यात पक्कं बसलं, आणि बसणारच! तिच्या आईचा जानेवारीत सापडला आणि ईस्टरच्या आत तिला पुरलं. नणंद तुरीदचा ऑगस्टमध्ये सापडला, तर ती भवानी अजून दरवर्षी डोंगरावर फळं वेचत हिंडतेय.

"अगं, गाठ आहे ती आहे! डॉक्टरनं बघितली नाही म्हणून ती वाढायची थांबणार आहे का?"

"आईची अंधारात बघितली. काय झालं तिचं? मला नाही तसं जायचं."

"पण ऑद्रुन..."

"ओरडू नकोस. तेल घे आधी." तिनं कॉड माशाच्या तेलाचा चमचा त्याच्या तोंडापुढे धरला. ऊन नसतं म्हणून गावात सगळेच हिवाळाभर सकाळी एक चमचा घेतात. ती हल्ली तीन घेत होती.

हाल्वार्दनं जन्म समुद्रावर काढलेला. बोटीवर त्याच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. घरात मात्र त्यानं समजावलं, विनवलं, एकदा टेबलावर मूठ आपटून कपही फोडला. ऑद्रुननं मुकाट्यानं तुकडे गोळा केले आणि आठवडाभर अबोला धरला. मुलीला फोन करतो म्हणाला, तर म्हणाली, "कर. मग मी सूर्य आल्यावरही जायची नाही." आता या बाईपुढे करायचं तरी काय!

शेवटी नाताळचं मटण आणायच्या निमित्तानं त्यानं तिला गाडीत घातलं आणि गाडी नेऊन उभी केली ती दवाखान्याच्या दारात.

"उतर."

"इथे मटण मिळायला लागलं वाटतं?"

"ऑद्रुन, पाया पडतो तुझ्या."

ती समोर बघत राहिली. त्यानं रागानं इंजिन बंद केलं. काचा आतून गोठत गेल्या, तिचे ओठ निळे पडले, पण बाई जागची हलली नाही. मग त्यालाच राहवेना. त्यानं इंजिन चालू केलं, आपला मफलर तिच्या गळ्यात गुंडाळला आणि तिला घरी आणलं.

जानेवारीत तिला डावा हात वर करता येईना. ती म्हणायची, "लोकर विणून विणून आखडलाय." हाल्वार्द तिच्या आधी उठून वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवायचा आणि कॅलेंडरकडे बघायचा.

सूर्याचा दिवस आला, म्हणजे फेब्रुवारीत सूर्य परत दिसायचा ठरलेला दिवस. गाव प्रार्थनाघरापाशी जमलं, कॉफीच्या किटल्या आल्या, सूर्याचे गोड पाव वाटले, शाळेतल्या पोरांनी गाणी म्हटली. आणि डोंगरावर हा एवढा ढग!

"आला म्हणायचा," कुणीतरी म्हणालं. "ढगामागे आहेच की."

"बघ, आला," हाल्वार्दनं लगेच तिचा दंड धरला.

"दिसला नाही," ऑद्रुन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बर्फ, मग धुकं, मग पुन्हा बर्फ. हाल्वार्द रोज दुपारी अंगणात उभा राहून डोंगराला शिव्या घालायचा. सूर्याच्या नावानं बोटं मोडणारा आमच्या गावातला तो पहिलाच माणूस.

अखेर एका दुपारी प्रार्थनाघराच्या भिंतीवर पिवळं ऊन पडलं. मिनिट-दोन मिनिटंच असेल. ऑद्रुन ते बघून घरी आली, बूटही न काढता तिनं स्वतःच दवाखान्याला फोन लावला.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. कॅन्सरच होता, आणि तो हाडांत आणि यकृतात पोचला होता. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं की आता पूर्ण बरं करणं हातात नाही, त्रास कमी करता येईल, थोडा वेळ वाढवता येईल. ऑद्रुननं मान डोलावली आणि कपडे बदलायला आत गेली.

हाल्वार्दनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. रेडिओ, आई, तुरीद, सूर्य.

"उन्हाळ्यातली माणसं थोडी जास्त जगली, असं काही ठिकाणी दिसलंय," डॉक्टर म्हणाली. "पण ते हजारो लोकांचं मिळून. कशामुळे, ते अजून नक्की कुणाला ठाऊक नाही. आणि थांबून राहिल्यानं कुणाचं भलं होत नाही." ती जरा अडखळली. "शिवाय आपल्याकडे फेब्रुवारीत सूर्य फार खाली असतो. या उन्हानं अंगात व्हिटॅमिन तयारच होत नाही. त्याला वसंत यावा लागतो."

"नोव्हेंबरात आणली असती तर?"

"आता तो विचार नका करू," डॉक्टर म्हणाली.

दोघं घरी पोचली तेव्हा आभाळ लख्ख होतं. ऑद्रुन घरात गेलीच नाही. दक्षिणेच्या भिंतीला टेकून बाकावर बसली. उणे बारा थंडीत तिनं कोटाची बटणं काढली, स्वेटरचा गळा खाली ओढला आणि डोळे मिटून उघडी छाती उन्हाकडे केली. कातडीवर काटा आला होता.

"हाल्वार्द, बरं केलं बघ आपण थांबलो ते," ती म्हणाली. "आत शिरतंय. कळतंय मला."

सांगावं? काय सांगावं? तो तिच्यापुढे नुसताच उभा राहिला.

"अरे, सरक ना, ऊन अडवतोयस."

हाल्वार्द घाईघाईनं बाजूला झाला.