तीन टनांचा पूल

वैजयंतीबाई खुर्चीवरून उठल्या, सरळ भिंतीपाशी गेल्या आणि नकाशावरच्या कालव्याच्या निळ्या रेघेवर त्यांनी बोट टेकवलं.

"हा पूल तुम्ही पाहिलाय?"

फायर सर्व्हिसचा अधिकारी हसला. व्हिलेज हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती आणि त्याला सहा वाजता पुढच्या गावात हीच सभा घ्यायची होती.

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ या."

"शेवटी गाव जळालेलं असेल," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. वैजयंतीबाई हसल्या नाहीत.

इंग्लंडमधल्या या एल्मलॉक गावाचं फायर स्टेशन २००७च्या मार्चमध्ये बंद होणार होतं. पुढे बंब रीडिंग शहरातून येईल, नऊ मिनिटांत, असं पडद्यावर लिहिलं होतं. अडतीस वर्षं त्या या गावात राहत होत्या. त्यातली बावीस वर्षं त्यांचे यजमान शशिधर पोस्ट ऑफिस सांभाळून बंबावर जात. भोंगा वाजला की ते काउंटर तसंच टाकून पळत सुटायचे, आणि पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या मुकाट्यानं रांगेत थांबायच्या. बंब कालव्यापलीकडे न्यायचा तर टेकडीवरून वळसा घ्यावा लागतो, हे त्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं.

"होडी आली की बाजूला फिरतो हा पूल. तीन टनांपेक्षा जास्त वजन त्याला चालत नाही. तुमचा बंब किती टनांचा?"

"बारा." अधिकाऱ्यानं कागद उलटले. "पण तशी मर्यादा आमच्या नोंदीत नाही."

"पाटी झुडपात गडप झालीये. कौन्सिलला मी चार पत्रं लिहिली. टेकडीवरून यायला बावीस मिनिटं लागतात, तेही बर्फ नसेल तर."

"मॅडम, हा आमचा अंदाज नाही. सल्लागार कंपनीनं रस्ते तपासलेत. या रस्त्यावर तर त्यांचा माणूस स्वतः गाडी घेऊन आला होता. त्याचं लहानपण इथलंच. दर रविवारी तो याच पुलावरून येतो."

वैजयंतीबाईंचं बोट नकाशावर तसंच राहिलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी त्यांचा मुलगा मिलिंद गाडीची किल्ली हातात फिरवत बसला होता. सभेला कशाला जातेस, असं तो सकाळपासून तीनदा म्हणाला होता.

त्या परत येऊन बसल्या.

"ती नऊ मिनिटं तुझी?" त्यांनी हळूच विचारलं.

"आई, कारनं नऊच लागतात. मी खोटं नाही लिहिलं."

"बाबा बंब कुठून न्यायचे?"

मिलिंदनं किल्ली खिशात टाकली.

"टेकडीवरून. आय नो. रूट टाकताना डोक्यात आलंच नाही. मी आपला माझ्या गाडीनं आलो."

"मग सांग तसं."

"इथं? सगळ्यांसमोर? त्या रिपोर्टवर माझी साइन आहे, आई. माझा जॉब जाईल."

"पुलाच्या या बाजूला अख्खं गाव आहे."

"मी मंडेला ऑफिसमध्ये बोलतो ना. प्रॉमिस."

"सोमवारी हे लोक इथं नसतील."

पुढे अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं. "आणखी कोणाला काही नोंदवायचं आहे?"

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. दोघं-तिघं कोट घालू लागले. वैजयंतीबाईंनी मिलिंदकडे पाहिलं नाही. त्यांनी मांडीवरची पर्स पोटाशी ओढली, गुडघे एका बाजूला वळवले आणि रांगेतून पुढे, अधिकाऱ्याकडे जायला त्याला जागा करून दिली.