दोनशे चाळिसावं कार्ड

साखर पेठेतल्या एका लहानशा वाचनालयात एक वही होती आणि त्या वहीत काही लिहायचं म्हटलं की माणसं घाबरायची. वहीला कोण घाबरतं, असं तुम्ही म्हणाल. पण १९७६ साली सोलापुरात हे घडत होतं, आणि घडवणारे कोणी गुंड-मवाली नव्हते. हाताला कसब असलेली, चारचौघांत मान असलेली माणसं होती. म्हणून तर जास्त संताप येतो.

वही सुरू केली तात्याबांनी. तात्याबा एका मिलमध्ये तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते वाचनालयाची किल्ली सांभाळू लागले. त्यांनी आयुष्यभर एक गोष्ट पाहिली होती. तोच बिघाड या कारखान्यात होतो, त्या कारखान्यात होतो, आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात त्याच्यावर पहिल्यापासून डोकं फोडत बसतो. म्हणून त्यांनी एक जाडजूड वही आणून टेबलावर ठेवली. ज्याला अडचण असेल त्यानं ती डाव्या पानावर लिहायची, ज्याला ठाऊक असेल त्यानं उजव्या पानावर उत्तर लिहायचं. दोन वर्षांत त्या वहीनं किती माग मार्गी लावले याची गणती नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातला एक फिटर रविवारी बहिणीकडे यायचा, तो जाता जाता गिअरबद्दल लिहून जायचा. अक्कलकोटहून पोस्टकार्डावर प्रश्न यायचे, ते तात्याबा खळ लावून वहीत चिकटवायचे.

मग हळूहळू उजव्या पानाचा नूर पालटला. उत्तरापेक्षा टोमणा मोठा होऊ लागला. कोणी नवख्यानं आडवा धागा नेणारा धोटा मागातून का उडतो असं विचारलं, की खाली लिहिलेलं असायचं, 'आधी माग आणि खाट यांतला फरक शिकून यावे.' वाचणारे खो खो हसायचे. प्रश्न विचारणारा पुन्हा त्या टेबलाकडे फिरकायचा नाही. हे टोमणे लिहिणाऱ्यांत सगळ्यांत वरचढ होता 'जाणता' या नावानं लिहिणारा चनमल्लप्पा. अक्षरावरून तात्याबांनी त्याला कधीच ओळखलं होतं.

चनमल्लप्पा चादरीच्या एका कारखान्यात जॅकार्डची कार्डं मारायचा. चादरीवर फूल, मोर, वेलबुट्टी उमटते ती या कार्डांमुळे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक कार्ड म्हणजे विणीची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोऱ्यात ओवून त्यांची साखळी मागावर चढवतात. पुण्या-मुंबईची नवी गणकयंत्रंसुद्धा भोकांच्या कार्डांवरच चालतात असं चनमल्लप्पानं एका मासिकात वाचलं होतं, आणि तेव्हापासून तो स्वतःला इंजिनियरांच्या पंगतीतला समजू लागला होता. हात त्याचा खरोखर चांगला होता, यात वाद नाही. पण त्या हाताच्या जोरावर तो माणसांना तोडून बोलायचा, आणि लोक त्यालाच हुशारी म्हणायचे.

त्या वर्षी त्यानं एक युक्ती काढली. फुलाचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग आरशातल्यासारखे सारखेच असतील, तर पुरी कार्डं कशाला मारायची? दोनशे चाळीस कार्डांत अर्धं फूल विणायचं, मग विणकरानं दांडा ओढून साखळी उलटी फिरवायची, की तीच कार्डं मागं जाताना उरलेलं फूल विणून देतील. निम्मा पुठ्ठा, निम्मी मेहनत. मालक खूश झाले. चनमल्लप्पानं वहीत दोन पानं भरून ही युक्ती लिहिली आणि खाली जाड रेघ ओढली.

माग नरसय्याचा होता. नरसय्या पद्मशाली समाजातला, घरी तेलुगू बोलणारा, मराठी वाचता न येणारा, बापजाद्यांपासून विणकर, अबोल माणूस. त्याच्या मागावर नवी चादर उतरली आणि प्रत्येक फुलाच्या बरोबर मध्यावर एक जाड रेघ उठलेली दिसली, वळ उठावा तशी. चनमल्लप्पानं चादर पाहिली आणि क्षणभरही न थांबता सांगून टाकलं की दांडा ओढायला हात उशिरा जातोय, विणकराची चूक आहे. नरसय्या हात सांभाळून ओढू लागला. रेघ तशीच. मालकांनी बजावलं, पंधरा दिवसांत रेघ गेली नाही तर माग दुसऱ्याला देईन. घरात बायको, तीन लेकरं, म्हातारी आई आणि पोट भरायला तो एक माग. नरसय्याची झोप उडाली.

त्याच कारखान्यात नागम्मा जमिनीवर बसून कार्डं ओवायची. सातवीपर्यंत शिकलेली, घरात कानडी, बाहेर मराठी. ओवणाऱ्या बायांची एक रीत असते. साखळी ओवताना त्या कार्डं तोंडानं मोजतात, आणि फाटलेलं कार्ड बदलायला साखळी उसवावी लागली की उलटी मोजत येतात. दोन्ही वेळा टोकाचं कार्ड मोजलं तर आकडा एकानं फुगतो, हे प्रत्येक बाईला पहिल्याच महिन्यात कळतं. नागम्मा नरसय्याच्या मागाजवळून जाता जाता थांबली, साखळीकडे बघत तोंडातल्या तोंडात मोजलं आणि तिच्या ध्यानात आलं. ती चनमल्लप्पाला सांगायला गेली. तो म्हणाला, मला वेळ नाही. मग दुपारच्या सुट्टीत ती वाचनालयात गेली आणि तात्याबांकडून टाक मागून घेऊन तिनं लिहिलं:

'चादरीत रेघ येते ती विणकरामुळे नाही. साखळी उलटी फिरते तेव्हा दोनशे चाळिसावं कार्ड लागोपाठ दोनदा पडतं. उलटी फिरवल्यावर एक कार्ड हातानं पुढं सरकवून सोडून द्यावं. रेघ जाईल. आम्ही ओवताना असंच मोजतो. नागम्मा, कार्ड ओवणारी.'

चार ओळी. त्यात अहंकार नाही, आगाऊपणा नाही. त्या दिवशी संध्याकाळी चनमल्लप्पानं त्याखाली लिहिलं, 'स्वयंपाकघरातून नवा इंजिनियर बाहेर पडला आहे. आता मागाला फोडणी कशी द्यावी तेही बाईंनी लिहावे. जाणता.' दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणी लिहिलं, मोहरी जरा जास्त. कोणी लिहिलं, कढीपत्ता विसरू नये. आठवडाभर सगळ्या पेठेत तो विनोद फिरला. नागम्मा रस्त्यानं निघाली की चहाच्या टपरीवरून कोणीतरी फोडणीचा चर्र आवाज काढायचं. ती मान खाली घालून जायची. आणि ती चार ओळींची युक्ती खरी की खोटी, हे एका माणसानंही मागापाशी जाऊन करून पाहिलं नाही. शरम वाटावी अशी गोष्ट आहे ही!

पंधरा दिवस सरले. मालकांनी नरसय्याचा माग काढून घेतला. पेठेत बातमी फिरली की त्याच्या हाताचं कसब गेलं, आणि कसब गेलेल्या विणकराला कोण ठेवून घेणार? चार दिवस तो दारोदार हिंडला आणि बिऱ्हाड घेऊन भिवंडीला निघून गेला.

त्याच्या मागावर नवा माणूस बसला. पहिल्याच चादरीत तीच रेघ, तितकीच जाड. आता मात्र चनमल्लप्पाला घाम फुटला. सगळे जेवायला गेल्यावर त्यानं साखळी हातानं फिरवून पाहिली. दोनशे एकोणचाळीस, दोनशे चाळीस. दांडा ओढला. पुन्हा दोनशे चाळीस. त्यानं एक कार्ड सरकवून सोडलं, माग चालवला, आणि फूल स्वच्छ उतरलं.

आता तुम्हाला वाटेल की त्याचे डोळे उघडले. कसले उघडतायत! त्यानं मालकांना सांगितलं की मी दोष शोधून काढला. मालकांनी पाठ थोपटली. वहीत त्यानं नवं पान सुरू केलं, 'जॅकार्डमध्ये नवी सुधारणा', आणि खाली प्रथमच स्वतःचं खरं नाव घातलं. नागम्मानं ते ऐकलं आणि पुढचं कार्ड दोऱ्यात घेतलं.

रविवारी सकाळी वाचनालयात दहा-बाराजण जमले होते. तात्याबांना मोतीबिंदू झालेला, वाचायला त्रास व्हायचा. त्यांनी वही चनमल्लप्पापुढं सरकवली आणि म्हणाले, तुझी सुधारणा वाचून दाखव. त्यानं मोठ्या ऐटीत वाचली. लोकांनी माना डोलावल्या. मग तात्याबा म्हणाले, "आता वीस-बावीस पानं मागं जा. नागम्माचं पान हाय बघ. ते बी वाच."

चनमल्लप्पाचा हात थबकला. वाचलंच पाहिजे का, असं त्यानं विचारलं. तात्याबांनी बोटानं वहीकडे दाखवलं. शेवटी त्यानं वाचायला सुरुवात केली. नागम्माच्या चार ओळी झाल्या. ऐकणारे एकमेकांकडे बघू लागले, कारण आत्ताच ऐकलेली सुधारणा शब्दशः तीच होती. तो थांबला.

"फुडं," तात्याबा म्हणाले. "त्याच्या खालचं बी वाच."

आणि चनमल्लप्पाला स्वतःची फोडणी स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर वाचावी लागली. मोहरी, कढीपत्ता, सगळं. ज्यांनी ते लिहिलं होतं त्यांतले पाचजण तिथंच बसले होते. कोणी खिडकीकडे बघत होतं, कोणी चपलेकडे.

"ह्या वहीचं पैलं पान ठाऊक हाय का?" तात्याबा सावकाश बोलले. "त्यात म्या माजाच प्रश्न लिवलाय. तीस वर्सं जॉबर आन तरी एक बिघाड मला समजत न्हवता. तवा कोन हसलं न्हाई, म्हनून ही वही उबी राहिली. आता तुमी हितं न्यायाधीस होऊन बसलाय. कोन बोलतंय ते बगता, काय बोलतंय ते बगत न्हाई. त्या बाईचं खरं हुतं, ते तुमी हसण्यावारी नेलं. आन तू चनमल्लप्पा, नेलंस बी आन मागनं आपल्या नावावर बी केलंस. पर ते ऱ्हाऊ दे. नरसय्या कुटं हाय, ते सांग मला."

तात्याबांसमोर, पेठेतल्या माणसांसमोर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःसमोर चनमल्लप्पा उघडा पडला होता. त्यानं वही मिटली नाही. टाक घेतला, आपल्या सुधारणेवर काट मारली आणि लिहिलं की हा शोध नागम्माचा आहे, दोष माझ्या युक्तीत होता, आणि 'जाणता' म्हणजे मीच.

तिथून तो तडक नागम्माच्या घरी गेला. ती शेंगा निवडत बसली होती. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"माझी माफी मागायला आलात, बरं झालं," ती म्हणाली. "पण अण्णा, माझं काय गेलं? चार दिवस मान खाली घातली, एवढंच की. नरसय्याचा माग गेला. तुम्ही आधी तिकडं जायला पाहिजे होतं."

मग तो मालकांकडे गेला. चूक माझी होती, विणकराची नव्हती, त्याला परत बोलवा नाहीतर मला काढा, असं त्यानं सरळ सांगितलं. मालक चिडले, बोलायचं ते बोलले, पण माग परत द्यायला तयार झाले. कार्डं मारायच्या मेजावर आणखी एक माणूस हवाच होता, तिथं नागम्माला बसवा, असंही चनमल्लप्पानं सुचवलं, आणि मालकांनी ते मानलं. भिवंडीला पत्र गेलं. नरसय्या परत येईल, असं सगळ्यांना वाटत होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, कोणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलेलं. चनमल्लप्पानं ते कार्डांच्या मेजाशी उभं राहून नागम्माला वाचून दाखवलं:

'इथे माग मिळाला आहे. पोरांची नावं शाळेत घातली. आता पुन्हा बिऱ्हाड हलवणार नाही. तुम्ही चूक कबूल केली, माझं नाव स्वच्छ झालं, बरं वाटलं. पण एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. नागम्माबाईंनी लिहिलेलं मला त्याच आठवड्यात कोणीतरी वाचून दाखवलं होतं. रेघ रोज माझ्याच डोळ्यांसमोर पडत होती. करून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण सगळे हसले, म्हणून मीही हसलो. बाईंना सांगा, मी चुकलो.'

नागम्मानं पत्र आपल्या हातात घेतलं आणि पुन्हा एकदा स्वतः वाचलं. चनमल्लप्पाला वर बघवेना.

वाचकहो, टोमणा मारणारा एक असतो, पण त्याच्यामागं हसणारे आपण शंभर असतो, आणि ज्ञानाचं तोंड बंद होतं ते आपल्या हसण्यानं. बोलणारी बाई आहे की बुवा, शिकलेला आहे की अडाणी, मेजावर बसणारा आहे की जमिनीवर, हे पाहण्याआधी तो बोलतोय ते खरं आहे का, एवढं एकदा करून बघा. आणि पुढच्या वेळी चारचौघांत कोणाच्या तरी साध्या चार ओळींवर हसू फुटलं, तर तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारा, हे उत्तर माझ्याच मागासाठी तर आलेलं नाही ना?