दातवाल्याचं मशीन

“अहो, यात कुणाचे तरी दात आहेत!”

नवरा चष्मा सावरत पुढे वाकला. टीव्हीच्या पडद्यावर एका अनोळखी माणसाचा जबडा पसरला होता. खालच्या ओळीतली एक दाढ आडवी लोळत पडलेली. त्याने पुढची फाइल उघडली, तर दुसरा जबडा.

“दातांच्या डॉक्टरकडचाच सर्व्हर ना हा,” तो म्हणाला. “त्यांनी नवीन घेतला, जुना मला दिला. पुसायचं विसरले असतील.”

“मग आधी ते पुसा. परक्यांचे दात घेऊन मला घरात वावरायचं नाही.”

“पुसतो गं बाई. जरा दम धरशील?”

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याचे हात शिवशिवत असत. आधी त्याने गॅलरीत बाग केली, ती वाळली. मग घरातले सगळे नळ स्वतः बदलले, तेव्हापासून ते गळायला लागले. आता हे चपलांच्या खोक्याएवढं काळं मशीन. घरातले सगळे फोटो, कागदपत्रं, गाणी एका जागी राहतील, म्हणजे कुणाच्या दारात जायला नको, असं त्याचं म्हणणं. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा सैल करून घरी आली की हे सगळं ऐकायची. मशीन चपलांच्या कपाटावर बसलं आणि म्हाताऱ्या मांजरासारखं घरघरायला लागलं.

दात पुसले गेले. मग नवऱ्याने त्यात खोल्या पाडल्या. खोल्या हा शब्द त्याचाच. एक त्याची, एक तिची, एक सगळ्यांची.

“तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडेच,” तो म्हणाला. “तुझा पासवर्ड तूच घाल. मी तिकडे तोंड फिरवून बसतो.” आणि बसलासुद्धा. मग परत वळून म्हणाला, “अजून एक खोली पाडून ठेवतो. लागेल.”

“कुणाला?”

“लागेल गं कुणाला तरी.”

त्या दिवशी तिने भाजी दोनदा फोडणीला टाकली.

त्यांना एक मुलगी होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा बापाने दारात उभं राहून सांगितलं होतं की मला मुलगी नाही. मुलगीही बापाचीच. तिने ते वाक्य जसंच्या तसं घडी घालून ठेवून दिलं. आईला फोन यायचे, तेही दुकानात, शिलाईच्या आवाजात. मग नात झाली आणि फोटो यायला लागले. फोटोत नुसतं पोर. मुलगी स्वतः कधी त्यात यायची नाही. फार तर चमचा धरलेला तिचा हात दिसायचा.

“बाबांना मी पाठवणार नाही,” ती म्हणाली होती. “आणि तू आपणहून दाखवायचं नाहीस. त्यांनी विचारलं, तर दाखव. एकदा नुसतं विचारू दे.”

एवढंच हवं होतं. नवऱ्याने एकदा विचारायला हवं होतं. त्यासाठी ती सतत वाट मोकळी करून द्यायची. शेजारचं मूल रडलं की म्हणायची, दात येत असतील. नवरा म्हणायचा, असतील. टीव्हीवर बाळाच्या पावडरची जाहिरात लागली की ती आवाज वाढवायची. नवरा चॅनेल बदलायचा. तीन जणांच्या घरात दोन जण उरले होते, आणि त्या दोघांत एक विषय असा होता की जणू तो मेला होता.

म्हणून त्या चौथ्या खोलीत तिचा जीव गुंतला. बाप तोंडाने बोलणार नाही, पण जागा ठेवतोय, असं तिने धरलं. तिचा फोन तसाही नातीच्या फोटोंनी गच्च भरून अडकायला लागला होता. तिने सगळे फोटो आपल्या खोलीत हलवले, फोनमधून काढून टाकले. घरात आणलं एकदाचं पोराला, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिलाच हसू आलं. फोनमध्ये मोकळी झालेली जागा नवऱ्याने, मशीन बिघडलं तर असावेत म्हणून, आपल्याच फोटोंनी भरून टाकली.

रविवारी थोरले दीर आणि जाऊबाई आले. यंत्र दाखवायला नवऱ्यानेच बोलावलं होतं. थोरल्या भावाच्या घरात सगळं नवंकोरं असायचं आणि त्याला ते सांगायची सवय होती. त्यामुळे आपला हा जुना सर्व्हर त्याला दाखवण्यात नवऱ्याला वेगळीच मजा होती.

“हा आवाज काय येतोय रे? पीठ दळतोयस का?” दीरांनी बूट काढता काढता विचारलं.

“पंखा आहे तो. बस तर खरा. आता बघ गंमत,” नवरा म्हणाला. “घरातले सगळे फोटो, एकामागून एक. हात लावायला नको.”

“आणि चौथी खोली तुझ्या मुलाला ठेवलीय, दादा,” नवरा पुढे म्हणाला. “त्याला म्हणावं, परदेशात बसून बघ आमच्याकडचं.”

ती स्वयंपाकघरात कपांत चहा गाळत होती. गाळणं तिने खाली ठेवलं. पुन्हा उचललं. चहा गाळायचा तर होताच.

बाहेर फोटो सुरू झाले होते. सहलीचा एक, कचेरीतले चार, गॅलरीतल्या बागेचे वाळण्याआधीचे. ट्रे घेऊन ती दारात आली, तेव्हा पडद्यावर टब होता आणि टबात पोर. डोक्यावर साबणाचा फेस, तोंडात एकुलता एक दात, दोन्ही कान पार बाहेर आलेले.

यंत्राच्या मालकाला सगळ्यांच्या खोल्या उघड्या असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही ते तेव्हाच कळलं असावं. आपल्या एकट्याच्या फोटोंनी पडदा भरेना, म्हणून त्याने दिसतील त्या सगळ्या चौकटींत खुणा करून टाकल्या होत्या.

फोटो बदलला. पोर पालथं पडून मान वर करत होतं. मग चमच्याने खात होतं. चमचा मुलीच्या हातात होता; तिची करंगळी लहानपणापासून किंचित वाकडी. नवऱ्याची मान तिथे अडकली.

“हे कुणाचं रे?” दीरांनी विचारलं.

तिने ट्रे घट्ट धरला. विचारलं होतं. ज्याने विचारायला हवं त्याने नाही, पण या घरात कुणीतरी मोठ्याने विचारलं होतं. आता बोला, तिने मनात म्हटलं. खोटं नको, खरंही नको, नुसतं माझ्याकडे बघा.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“जुनं मशीन आहे ना,” तो म्हणाला. “त्या दातवाल्याचं काहीतरी राहिलं असेल.”

“कान बघा हो,” जाऊबाई म्हणाल्या. “आपल्या घरातले वाटतात.”

“लहान पोरांचे कान असेच असतात, वहिनी.”

“मग पुसून टाक की,” दीर म्हणाले. “लोकांची पोरं कशाला सांभाळायची?”

“पुसतो,” नवरा म्हणाला, आणि त्याने खरोखरच कीबोर्ड मांडीवर ओढला.

“थांबा!” ती म्हणाली. कप बशीत हिंदकळले. “ते माझे आहेत.”

तिघेही वळले. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिने अशी विनवणी आजवर पाहिली नव्हती. लग्नात नाही, त्याच्या आईच्या आजारपणात नाही. बाईमाणूस आयुष्यभर ज्या शिवणी घालत आलं, त्यातली एक हाताने आपोआप घातली जावी, तसं तिच्या तोंडून निघालं,

“माझ्या दुकानात काजं करते ना, तिची नात. तिचा फोन भरला होता. मी म्हटलं, दे, आमच्याकडे जागा आहे.”

“असं होय!” जाऊबाई म्हणाल्या. “गोड आहे हो पोर.”

“हो,” ती म्हणाली. “चहा घ्या. गार होतोय.”

मंडळी गेली. नवऱ्याने दार लावलं, सोफ्यावरच्या उशा सारख्या केल्या, कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवले. हे काम त्याने कधी केलं नव्हतं.

“बरं झालं, सांभाळून घेतलंस,” तो म्हणाला.

त्याच्यावरच्या रागाचं तिला काही वाटलं नाही. तो यायची सवय झाली होती. तिला किळस आली ती स्वतःच्या जिभेची. आजोबाने पोराला दातवाल्याचं केलं, आजीने काजंवालीचं. दोघांनी मिळून पोराला घरातून बाहेर काढलं, आणि वर चहा प्यायला.

“राहू दे तुझ्या खोलीत,” तो मोरीकडे तोंड करून म्हणाला. “मी काही बघत नाही.”

“नको. मला ते परत फोनमध्ये घालून द्या. आत्ता.”

“अगं, आत्ता कशाला...”

“आत्ता.”

त्याने केबल शोधून आणली, फोन जोडला, दोन-चार कळा दाबल्या. मग फोनकडे बघून म्हणाला, “जागा नाही म्हणतोय.”

“करते जागा.”

तिने फोन हातात घेतला. तो समोर असतानाच एकेक करून काढायला लागली. निवृत्तीच्या दिवशी खुर्चीत बसलेला तो. साहेबाशी हात मिळवताना तो. तिच्या शेजारी पोट आत ओढून उभा राहिलेला तो. फोन दर वेळी विचारायचा, नक्की काढायचं का, आणि ती अंगठ्याने हो म्हणायची.

“अगं, ते माझे...”

“तुमचे आहेत की मशीनमध्ये. तिथं कुणी हात लावत नाही तुम्हाला.”

पडद्यावर हिरवी रेघ उगवली, थोडी सरकली आणि थबकली. केबलचं टोक सैल होतं, दाबून धरलं की चालायचं, सोडलं की थांबायचं. त्याने खुर्ची ओढली आणि ते टोक दोन बोटांत धरून बसला. पोर एकेक करून त्याच्या हाताखालून चाललं होतं. टब, साबण, चमचा, करंगळी. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

ती समोर बसून होती. अजूनही वेळ होता. काय नाव ठेवलंय, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

“झालं का?” त्याने विचारलं.

“होतंय,” ती म्हणाली. “धरून ठेवा.”