ढगात नसलेलं नाव

पडद्यावर शब्दांचा ढग उमटला आणि नववीच्या वर्गानं जोरात "ओऽऽ" केलं. मागच्या बाकावर बसलेल्या बाळासो मगदूम सरांच्या पोटात दुखलं. मंगळवार पेठेतल्या या शाळेत ते आयुष्यभर मराठी शिकवत आले होते, पण त्यांच्यासाठी कधी कुणी असं ओरडलं नव्हतं. वर हेडसरांनी त्यांनाच या नव्यानं शिकवायला लागलेल्या पोरीचा तास बघायला पाठवलं होतं. "जरा नवीन शिकून घ्या," असंही म्हणाले होते.

"बातमीत जो शब्द जास्त वेळा, तो ढगात मोठा," संयोगिता मॅडम सांगत होत्या. "घटना एकच, पेपर दोन. कोण कुणाकडं झुकलंय, तुमीच बघा."

घटना शाळेचीच होती. गारगोटीच्या स्पर्धेत मुलींचं पथनाट्य पहिलं आलं होतं. ते संयोगितानं बसवलं होतं, रविवारीसुद्धा मुलींना बोलावून.

पहिल्या ढगात मुलींची नावं होती आणि मधोमध 'संयोगिता'. दुसऱ्यात अध्यक्ष, मुख्याध्यापक, मार्गदर्शन आणि भलंमोठं 'मगदूम'.

सरांनी रुमाल काढून मान पुसली. दुसरी बातमी त्यांनीच पाठवली होती. तिचं नाव त्यांनी आधी लिहिलं होतं, मग खोडलं होतं. खोडताना फार बरं वाटलं होतं.

"मॅडम, ह्यात तुमचं नावच न्हाय की," पुढच्या बाकावरची प्रेरणा म्हणाली.

"नाटक बसवलं तुमी आन् नाव भलत्याचंच," राजवीर म्हणाला. "कुणी लिवलीया ही बातमी?"

कुणीतरी हळूच मागं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. सर पेपरला बातम्या देतात हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं.

संयोगितानंही पाहिलं. सरांचा खाली गेलेला चेहरा तिला दिसला.

"मीच सांगितलंतं सरांना," ती म्हणाली. "माझं नाव घालू नका म्हणून."

ती धडधडीत खोटं बोलत होती. बातमी झुकलेली नाहीच असं दाखवून एवढा रंगलेला तास तिनं स्वतःच पाण्यात घातला होता.

"आमच्या मॅडम म्हंजे लई भारी हायत," राजवीर म्हणाला आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तिनं पोरांसमोर पाणउतारा केला असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं. आता हा मोठेपणाही तिनंच नेला होता.

पडद्यावर त्यांचं आडनाव अजून तसंच मोठं दिसत होतं. सगळे वाजवत होते, म्हणून त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या.