उलटा मोर

यल्लूबाई चिट्यालनं बावीस वर्षं कारखान्यात चादरी विणल्या होत्या. सात रस्ता चौकातल्या शोरूममध्ये तिला मोराचं एक विणलेलं डिझायनर वॉलहँगिंग दिसलं आणि तिचा जीव त्यावर जडला. सरळ आत शिरून तिनं किंमत विचारली, तर मालक हसला.

"मावशी, ही डिझायनर वस्तू आहे. चादरी विणणाऱ्यांना यातलं काय कळणार?"

कळलं होतं, तिथंच कळलं होतं. मोर उलट्या बाजूनं टांगला होता. मागचे सुटे धागे पुढं लोंबत होते आणि या शहाण्याला तीच कलाकुसर वाटत होती! सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते हसणं ऐकून तिनं गिळून टाकलं.

मग दीड वर्ष ती दर महिन्याला चक्कर मारत राहिली. गिऱ्हाईक यायचं, त्या विटक्या मोराकडं बघून नाक मुरडायचं आणि निघून जायचं. किंमत उतरत उतरत चौथाईवर आली, तशी यल्लूबाईनं कमरेची पिशवी सोडली.

"जपून न्या हां," मालक म्हणाला. "खाली अंथरू नका."

तिनं काउंटरवरच मोर सुलटा केला. निळा-हिरवा पिसारा असा झळाळला, की दुकानातली गिऱ्हाइकं जवळ सरकली. मालकाचा चेहरा पडला.

"मावशी, आधी सांगायचं की!"

"चादरीला उलटी-सुलटी बाजू असती, मालक," यल्लूबाई घडी घालत म्हणाली. "आमी अंथरताना बी ती बघून अंथरतो."