दोन बोटं सैल

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवल्यावर होडी शिवणं काय मोठं, असं मला वाटलं. होड्या बांधण्याच्या एका पुस्तकातली ही होडी खरंच शिवायचीच होती. प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे आणि फटी लुकणाने बुजवायच्या.

"मास्तर, लाकूड उसवता येत नाही हं," प्लायवूड देताना सुतार म्हणाला. मला रागच आला. दुसऱ्याच दिवशी मी डावी फळी उलटी कापली आणि नवी आणायला त्याच्याकडेच जावं लागलं. तो नुसता हसला. ते जास्त झोंबलं.

बायको मुलीच्या बाळंतपणाला पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला सात महिने झाले होते. चूक माझीच. दुकान बंद केल्यापासून मी घरात धुसफुसत बसायचो. भाजी खारट, पंखा हळू, शेजारी मोठ्याने बोलतात. "तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," जाताना ती म्हणाली. 'परत ये' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. फार पूर्वी तलावाच्या काठावर ती म्हणाली होती, की एकदा मधोमध जाऊन बघायचंय, पण पाण्याची भीती वाटते. तेवढं धरून मी रिकाम्या दुकानात कामाला लागलो.

एकट्याने फळी वाकवणं म्हणजे शिक्षाच. एक टोक गुडघ्यांत, दुसरं दोरीने शटरला बांधलेलं, आणि पक्कड नेमकी हात पोचत नाही तिथे. "पक्कड दे गं," असं मी दोनदा मोठ्याने म्हणालो. मग फळी सोडून स्वतःच उठलो. सकाळी चहा तिथेच, दुपारी पाव तिथेच, रात्री बहुतेक काहीच नाही. पँट सारखी घसरायला लागली, म्हणून ड्रिलने पट्ट्यालाही तीन भोकं पाडली. मशीन गुणी होतं.

फोन रोज यायचा.

"जेवलात का?"

"हो. तू?"

"हो तर."

मग नातू रडायचा आणि फोन बंद व्हायचा.

होडीतली पुढची बैठक, तिची, मी जीव ओतून केली. तिला घट्ट धरता यावं म्हणून खुर्चीसारखे दोन्ही बाजूंना हात बसवले. तिचे सगळे कपडे मीच शिवायचो, त्यामुळे माप तोंडपाठ होतं. दोन्हीकडे दोन बोटं सैल ठेवली.

"होडी झालीय. बघून जा," मी फोनवर म्हणालो.

"रविवारी येते. पण संध्याकाळी परत निघेन."

ती आली, मुलीचा ढगळ स्वेटर घालून. होडीभोवती फिरली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "सरळ आलेत," म्हणाली. मग माझा खांदा धरून चढली आणि बैठकीवर बसली.

दोन्ही बाजूंना माझी मूठ सहज मावेल एवढी जागा उरली होती.

मला आधी वाटलं, मीच ठोकताना चुकलो. गळ्यातली टेप काढून मोजलं. माप सुताइतकंही हललं नव्हतं. तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट बघितलं. स्वेटरच्या गळ्यातून तिची हाडं वर आली होती. नवं माप घेतल्याशिवाय मी जन्मात कुणाच्या कापडाला कात्री लावली नव्हती.

"तू जेवत नाहीस," मी म्हणालो. मला रडू यायला लागलं होतं.

ती माझ्या पट्ट्याकडे बघत होती. होडीतूनच हात लांबवून तिने नवी भोकं बोटाने मोजली. एक, दोन, तीन.

"आणि तुम्ही?"

मी पक्कड उचलली. "बैठकीचे हात आत सरकवतो. दोन दिवसांचं काम आहे. पण तू तर संध्याकाळी..."

"सरकवू नका," ती म्हणाली. "भरेन मी, हळूहळू. ती पक्कड ठेवा खाली, आणि घरात खायला काय आहे ते सांगा."

घरात फक्त पाव होता, तोही कालचा.