डोंगरावरचं जहाज

नेव्हीवाल्यांना शब्दांची टंचाई होती की काय, कुणास ठाऊक. नाहीतर डोंगरावरच्या शाळेला कुणी जहाज म्हणतं?

माझा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, आमचा मल्लू, इंजिनाचं काम शिकायला नेव्हीच्या लोणावळ्याच्या शाळेत होता. शिक्षण संपलं तेव्हा परेड बघायला अव्वा, गुरप्पामामा आणि मी सोलापूरहून गेलो. अव्वा म्हणजे आमची आई, काशम्मा. गेटवरचा शिपाई म्हणाला, "जहाजावर स्वागत आहे." आम्ही तिघं जहाज शोधायला लागलो. समोर डोंगर, कौलारू इमारती, जांभळाची झाडं आणि दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या. मल्लू पोट धरधरून हसला. म्हणाला, नेव्हीत जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजच म्हणायचं. फरशीला डेक म्हणायचं. गेटबाहेर पान खायला जायचं असलं तरी म्हणायचं, किनाऱ्यावर जाऊन येतो!

मामांनी मान डोलावली, पण त्यांना काही कळलं नव्हतं. मलाही अर्धंच कळलं. अव्वाला मात्र पक्कं कळलं: नेव्हीत बिल्डिंगला जहाज म्हणतात. मशीनजवळ गळ्यात काही घालू देत नाहीत, म्हणून मल्लूने आपलं गळ्यातलं इष्टलिंग दंडाला बांधलं होतं. ते तिने बाही वर करून बघितलं आणि निवांत झाली. घरी आल्यावर सगळ्या पेठेत सांगत सुटली, "माझं लेकरू जहाजावर हाय, पन जहाज डोंगरावर हाय. बुडायची भीतीच न्हाई की!"

पुढे मल्लू सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "अव्वा, आता दुसरं जहाज मिळालं. मुंबईला."

अव्वा त्याला न्यायला कडक भाकरी करत होती. तव्यावरून नजर न काढता तिने विचारलं, "तितं झाडं हायती का?"

मल्लूने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "लई हायती," म्हणाला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि तार आली. जहाज बुडालं, मल्लिकार्जुन बेपत्ता, जिवंत असण्याची आशा नाही. मामांनी ती वाचली आणि उंबऱ्यातच बसले. मी हंबरडा फोडला. अव्वा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"डोंगर कुटं बुडतो का, गुरप्पा?"

"अक्का, हे जहाज येगळं. समुद्रातलं."

"मग त्यानं सांगितलं आसतं की. झाडं हायती म्हणाला. मल्लू माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई."

तो खोटं बोलला म्हणावं, तर गेलेल्या भावाची चुगली. नाही म्हणावं, तर तो जिवंत!

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, त्याचं लिंग त्याच्यापाशी ठेवतात, भोवती मीठ आणि विभूती घालतात. अप्पा, आमचे वडील, गेले तेव्हा अव्वाने स्वतःच्या हाताने मीठ घातलं होतं. मल्लूला कुठून आणून बसवणार? मामा म्हणाले, स्वामींना बोलावून निदान पूजा तरी करू, पोराच्या जिवाला शांती मिळू दे. अव्वाने उलथनं उगारलं. वर्षभर तिने त्याच्या नावाने काही करू दिलं नाही. सणासुदीला त्याचं ताट वाढायची आणि ते गार झालेलं अन्न मी गिळायची. कधी कधी मलाच वाटायचं, हिचंच खरं असेल, तार चुकली असेल, मल्लू कुठल्या तरी डोंगरावर जांभळं खात बसला असेल. मग स्वतःचाच राग यायचा. वेडी ती झालीय की मी, हेच समजेनासं झालं होतं.

पुढच्या डिसेंबरात नेव्हीचं बोलावणं आलं. जहाज बुडाल्याला वर्ष होतंय, समुद्रात फुलं वाहायला घरच्यांनी जहाजावर यावं. अव्वाने त्यातलं 'जहाजावर या' एवढंच ऐकलं. दुष्काळाचं साल, ज्वारी मिळायची मारामार. तरी तिने भाकरींची चवड रचली, शेंगांची चटणी कुटली, मल्लूच्या कपाळाला लावायला विभूतीची पुडी कमरेला खोवली. "मल्लू न्हाईतर त्याचा सायेब तरी भेटंल. इचारते त्याला." नेऊ नये तर ही जन्मभर वाट बघत बसणार, न्यावं तर तिथे हिचं काय होणार? शेवटी मीच म्हणाले, जाऊ दे, डोळ्यांनी बघू दे.

मुंबईच्या गोदीत राखाडी लोखंडी भिंत उभी होती. तिला जिना लावला होता. अव्वा पदर खोचून चढली. आतल्या अरुंद वाटा बघून म्हणाली, "ही बिल्डिंग लई आडचणीची बांधलीया." एका तरुण खलाशाने आम्हाला बाकावर बसवलं. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या, आणि अव्वा त्यांना भाकरी देऊ का म्हणून विचारत होती. मला लाज वाटली आणि रडूही आलं.

मग खालून घरघर सुरू झाली. पायाखालचं लोखंड थरथरलं. गोदी मागे सरकायला लागली. अव्वाने माझं मनगट असं आवळलं की माझी बांगडी फुटली.

"दाक्षी, ही बिल्डिंग हालायलीया!"

मी दुसऱ्या हाताने तिला धरलं.

किनारा पुसट झाला, मग दिसेनासा झाला. अव्वा कठड्याशी उभी राहून चहूबाजूंना बघत होती, घरात हरवलेली वस्तू शोधावी तशी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एक बी झाड न्हाई की गं."

"न्हाई, अव्वा."

"लई हायती म्हणाला हुता."

"तू भिऊ नये म्हणून म्हणाला, अव्वा."

जहाज थांबलं. बिगुल वाजला. एकेक नाव वाचलं गेलं, मल्लूचंही. साहेबांनी पुष्पचक्र पाण्यात सोडलं. खलाशाने अव्वाच्या ओंजळीत झेंडूची फुलं दिली. ती तशीच धरून उभी राहिली. मला धास्ती वाटली, ही आता किंचाळणार, नाहीतर पुन्हा डोंगराचं काढणार.

ती खलाशाकडे वळली. कानडीत धाकट्या भावाला हाक मारतात तशी हाक मारून म्हणाली, "तम्मा, हे पानी खारट हाय का?"

तो गोंधळला. "हो आई. खूप खारट."

"पार खालपत्तुर?"

"तळापर्यंत."

अव्वाने फुलं सोडली. कमरेची पुडी काढून विभूती पाण्यावर झटकली. मग माझ्या खांद्याला धरून ती वर्षभराचं रडली. तिला सावरता सावरता मीही रडले. जहाज वळलं तेव्हा तिने डोळे पुसले.

"लिंग दंडाला हाय," ती म्हणाली. "आन मीठ घालायचं काम न्हाई."